पेशींची पकड

१९७२ साली कर्करोगावरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांविषयी एक लेख छापून आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ जेन्स पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी तब्बल १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती. तंबाखूने तोंडात काय घडवलं आहे ते त्यांना पाहायचं होतं: पांढरे चट्टे, लाल चट्टे, न भरणाऱ्या जखमा.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला यातलं काहीच परकं नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी मिसरी दात घासायच्या निमित्ताने हातात येते आणि पुढे दिवसातून कितीतरी वेळा बोट डबीत जातं. उसाच्या फडात, दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर, भिगवणच्या मासळीबाजारात चुना लावून तंबाखू मळणारे हात दिसतात. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी सुपारीची सवय गेली नाही. म्हणूनच आपल्या भागात कर्करोगाविषयी बोलायचं तर तोंडापासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी प्रथिनं आणि त्यांच्यावर चालणारं नियंत्रण हा या प्रकरणाचा विषय आहे, आणि तो समजून घ्यायला गालाच्या आतल्या अस्तरासारखी दुसरी जागा नाही.

गालातली गाठ त्रास देतेच. खाणं अवघड होतं, तोंड उघडत नाही, वेदना होतात. पण त्याच गाठीतल्या पेशी मानेतल्या लसिकाग्रंथींत उतरल्या की रुग्णाची जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. आजार तोच, पेशी त्याच; फरक इतकाच की काही पेशी जागा सोडून निघाल्या. त्या कशा निघाल्या, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

निरोगी गालाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचे एकावर एक थर. भाकरीची कडक कडा रोज त्यावर घासते, दात लागतो, गरम चहा लागतो. तरी पेशी जागच्या हलत नाहीत. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ई-कॅडहेरिन नावाची प्रथिनं उभी असतात आणि शेजारच्या पेशीवरच्या तशाच प्रथिनांना धरून ठेवतात. फुगडी घालताना दोघी एकमेकींची मनगटं धरतात, तशी ही पकड दोन्हीकडून असते. एकीने हात सोडला की दुसरीने कितीही घट्ट धरून उपयोग नसतो. या प्रथिनाचं दुसरं टोक पेशीच्या आत असतं. तिथे बीटा-कॅटेनिन, अल्फा-कॅटेनिन आणि पी-१२० ही प्रथिनं त्याला बिलगलेली असतात, आणि त्यांच्यामार्फत ते पेशीच्या आतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना बांधलेलं असतं. म्हणजे पेशी शेजारणीला नुसत्या कातडीने धरत नाही, आपल्या सांगाड्यासकट धरते.

गालासारख्या घर्षण सोसणाऱ्या जागी एवढ्यावर भागत नाही. तिथे डेस्मोसोम नावाचे जाड टाके असतात. त्यांत कॅडहेरिनच्याच कुळातली डेस्मोग्लेन आणि डेस्मोकोलिन ही प्रथिनं, त्यांच्यामागे प्लाकोग्लोबिन, प्लाकोफिलिन आणि डेस्मोप्लाकिन, आणि त्यांच्याही मागे केराटिनचे दणकट तंतू. सर्वांत खालचा थर इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी खालच्या पातळ पडद्याला चिकटलेला असतो. त्या पडद्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या आहेत. कर्करोगाच्या दृष्टीने सगळी गोष्ट या पडद्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर ठरते.

कॅडहेरिनचा शोध एका न जमलेल्या प्रयोगातून लागला. जपानचे मासातोशी ताकेइची क्योटोमध्ये पेशी सुट्या करून त्या पुन्हा एकत्र कशा येतात ते पाहत असत. सत्तरच्या दशकात ते अमेरिकेत बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथे तोच प्रयोग फसू लागला. सुट्या केलेल्या पेशी पुन्हा चिकटेनात. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य वापरतात. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम बांधून टाकणारा एक पदार्थ होता, क्योटोच्या द्रावणात तो नव्हता. कॅल्शियम असेल तर चिकटवणारं प्रथिन ताठ राहतं आणि ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम नसेल तर ते ढिलं पडतं आणि चिरलं जातं. १९७७ साली ताकेइचींनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढे त्या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव दिलं.

त्याच बाल्टिमोरमध्ये, त्याआधी बरीच वर्षं, पुण्यात जन्मलेली एक संशोधिका पेशी काचेत वाढवण्याची विद्या शिकून आली होती. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ. जन्म १९१७. फर्ग्युसन महाविद्यालय, मग पुण्याचं शेतकी महाविद्यालय, मग मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली संशोधन आणि १९४९ साली पीएच.डी. त्यानंतर त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेला या नावाने जगभर पोचलेल्या पेशी ज्यांनी वाढवल्या, तेच हे गे. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानली जाते. आज महाराष्ट्रात जिथे जिथे कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवून त्यांची पकड मोजली जाते, तिथली परंपरा रणदिवे यांच्यापर्यंत पोचते. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक पूर्ण धडा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ प्रश्न. पकड सुटली म्हणून कर्करोग पसरला, इतकं सोपं उत्तर पुरेल का? पुरत नाही, आणि त्याला दोन पुरावे आहेत.

पहिला पुरावा पेम्फिगस या त्वचारोगाचा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच डेस्मोग्लेनवर हल्ला करते. तोंडात फोड येतात, फुटतात, सोललेल्या जखमा राहतात. थरातल्या पेशी अक्षरशः एकमेकींपासून विलग होतात. आजार गंभीर आहे, पण त्या विलग पेशी रक्तातून फुप्फुसात जाऊन वाढत नाहीत.

दुसरा पुरावा पेशीच्या स्वभावाचा. अस्तरातली निरोगी पेशी आधार सुटला की स्वतःहून मरते. १९९४ साली स्टीव्हन फ्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे दाखवून त्याला अ‍ॅनॉइकिस म्हटलं. इंटिग्रिन ही नुसती चिकटपट्टी नाहीत. खाली आधार आहे, जगायला हरकत नाही, असा निरोप ती सतत आत पाठवत असतात. निरोप थांबला की पेशी आवरतं घेते. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत डॉ. नागराज बालसुब्रमण्यन यांच्या गटाने या निरोपाचा एक वेगळाच परिणाम दाखवला आहे: पेशी तळापासून सुटली की तिच्या आतली गॉल्जी यंत्रणा, म्हणजे प्रथिनांवर शेवटचा हात फिरवून ती पृष्ठभागाकडे धाडणारी जागा, विस्कळीत होते, पेशी पुन्हा टेकली की ती लगेच सावरते. पकड ही पेशीच्या कातडीपुरती गोष्ट नाही, तिचा परिणाम थेट पेशीच्या पोटात जाणवतो.

तेव्हा पसरणाऱ्या पेशीला तीन गोष्टी साधाव्या लागतात. पकड सोडायची आणि तरीही मरायचं नाही. आणि नव्या जागी पोचल्यावर पुन्हा पकड घ्यायची. जी पेशी पकड कायमची मोडून बसेल तिला शेवटचं काम जमणार नाही. इथेच नियंत्रणाचा प्रश्न येतो, आणि कर्करोगाचं खरं कसब मला इथेच दिसतं. बहुतेक गाठींत पकडीची प्रथिनं नष्ट झालेली नसतात, त्यांच्या सूचना बदललेल्या असतात.

ई-कॅडहेरिनचा जनुक आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर आहे. तो जन्मतःच बिघडलेला असेल तर काय होतं ते न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबाने जगाला दाखवलं. या कुटुंबात पिढ्यानपिढ्या तरुण वयात जठराचा कर्करोग होऊन माणसं जात होती. कुटुंबाने स्वतः पुढाकार घेऊन संशोधकांना साथ दिली आणि १९९८ साली पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने त्या जनुकातला दोष शोधून काढला. अशा घरातल्या स्त्रियांना एका प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगाचाही धोका असतो, आणि त्या गाठीत पेशी गोळा न होता एकामागे एक रांगेने घुसत जातात. मात्र या घराण्यातही जनुकाची एक प्रत चांगली असते. ती पुष्कळदा मोडत नाही. तिच्यावर मिथाइल या लहान रासायनिक गटांचा थर चढून ती वाचता येईनाशी होते. जनुक जागेवर, मजकूर शाबूत, पण मुका.

आनुवंशिक दोष नसलेल्या गाठींत हा मुकेपणा फार आढळतो. मिथाइलचा थर हा त्याचा एक मार्ग. दुसरा मार्ग जास्त चपळ आहे. २००० साली स्पेनमधल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की स्नेल नावाचं प्रथिन ई-कॅडहेरिनच्या जनुकाच्या उंबरठ्यावर बसतं आणि त्याचं वाचन थांबवतं. पुढे स्लग, ट्विस्ट, झेब-१, झेब-२ अशी त्याच कामाची आणखी प्रथिनं सापडली. ही काही कर्करोगाने नव्याने घडवलेली हत्यारं नव्हेत. गर्भ वाढत असताना काही पेशींना एका जागेहून दुसरीकडे जावं लागतं, त्या वेळी हीच प्रथिनं त्यांची पकड सैल करतात. काम झालं की ती निजतात. गाठ त्यांना पुन्हा जागं करते. त्यांना आवरणारे रेणूही पेशीत असतात: मायक्रो-आरएनए-२०० या कुळातले लहान रेणू झेबला दाबतात आणि झेब उलट त्यांना दाबतो. ज्याचं पारडं जड, तशी पेशी: एकीकडे झुकली तर घट्ट अस्तर, दुसरीकडे झुकली तर सुटी, लांबट, फिरस्ती. हे पारडं पुन्हा उलटही फिरू शकतं, आणि २००८ साली हे ध्यानात आल्यापासून अनेक संशोधकांचा या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला.

सुपारीचा इथे जवळचा संबंध लागतो. सतत सुपारी किंवा गुटखा चघळणाऱ्यांच्या गालात पांढरट, ताठ दोर तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. या गालात टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू वाढलेला असतो, कोलॅजन साचतं, आणि त्याचे धागे एकमेकांना जखडणारं विकरही वाढतं. टीजीएफ-बीटा हाच स्नेल आणि झेबला जागं करणारा सर्वांत ओळखीचा रेणू आहे. शिवाय खालची जमीन कडक झाली की इंटिग्रिन घोळक्याने गोळा होतात आणि वाढीचा, हालचालीचा निरोप जोरात पाठवू लागतात. तोंड पूर्ण उघडत नाही, बोटं आत जात नाहीत, हे लक्षण पुष्कळ जण दाताच्या तक्रारीत मोजतात. पेशींच्या पातळीवर मात्र पकडीच्या सूचना तिथे आधीच बदलू लागलेल्या असतात. चट्टा नसला तरी असं तोंड दाखवायलाच हवं, हे मी आग्रहाने लिहितो.

जनुक नीट वाचला गेला, प्रथिन तयार झालं, तरी नियंत्रण संपत नाही. पेशी पृष्ठभागावरचं कॅडहेरिन सारखं आत ओढते आणि परत बाहेर ठेवते. पी-१२० त्याला चिकटून असलं तर ते बाहेर टिकतं. पी-१२० सुटलं की आत ओढलं जाऊन मोडीत निघतं. एसआरसी या विकराने त्याच्या शेपटीवर फॉस्फेटची खूण केली की त्याला मोडीत पाठवणारी यंत्रणा ती खूण ओळखते. बाहेरून प्रथिन चिरणारी विकरं त्याचा वरचा भाग छाटून टाकतात. काही वेळा ई-कॅडहेरिनच्या जागी एन-कॅडहेरिन येतं आणि पेशी आपल्या जुन्या शेजारणींऐवजी भोवतालच्या संयोजी ऊतीतल्या पेशींशी जुळवून घेते. शिवाय सुटं झालेलं बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरून वाढीचे जनुक चालू करू शकतं. एकच प्रथिन पकडीत असताना पेशीला जागेवर ठेवतं, पकडीबाहेर तिला वाढायला लावतं.

डेस्मोसोमच्या बाबतीत आपल्या राज्यात झालेलं काम विशेष आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली प्लाकोफिलिन-३ हे एकच प्रथिन पेशींत कमी करून पाहिलं. पेशींमधली पकड घटली, त्या वेगाने सरकू लागल्या, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेतलेल्या तशा पेशी उंदरांत सोडल्यावर जास्त पसरल्या. याच गटाने पुढे दाखवलं की प्लाकोग्लोबिनला पेशीच्या कडेपर्यंत वाहून नेणारं १४-३-३ गॅमा हे प्रथिन नसेल तर डेस्मोसोमची उभारणीच सुरू होत नाही. प्रथिन पेशीत आहे, पण योग्य जागी पोचलेलं नाही, म्हणून निरुपयोगी. नियंत्रणाचा हा प्रकार मला फार बोलका वाटतो.

त्याच संस्थेत डॉ. मिलिंद वैद्य यांचा गट तोंडाच्या कर्करोगातल्या केराटिनवर काम करत होता. केराटिन-८ आणि १८ ही जोडी निरोगी गालाच्या अस्तरात एरवी दिसत नाही, पण तोंडाच्या गाठीत अवेळी उगवते. वैद्य यांच्या गटाने २०११ साली तोंडाच्या गाठीतून आलेल्या पेशींत ही जोडी कमी केली, तेव्हा अल्फा-६ बीटा-४ या इंटिग्रिनमार्फत जाणारे निरोप मंदावले आणि पेशींचा घुसखोरपणा कमी झाला. म्हणजे चुकीच्या तंतूला जोडलेलं इंटिग्रिन पेशीला खाली धरून ठेवण्याऐवजी पुढे ढकलत होतं. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. गोपाल कुंडू यांनी ऑस्टिओपॉन्टिन या प्रथिनावर अनेक वर्षं काम केलं. ते अल्फा-व्ही बीटा-३ या इंटिग्रिनला धरतं आणि पेशीला आपल्या वाटेतला पडदा कुरतडणारी विकरं बनवायला लावतं.

इथपर्यंतचं वाचून वाटेल की पकड सुटणं वाईट, पकड राहणं चांगलं. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकं साधारण तेच सांगत होती. अलीकडच्या दोन-तीन कामांनी ते चित्र विस्कटलं. २०१४ साली अमेरिकेत निकोला अ‍ॅसेटो आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात रक्तातून फिरणाऱ्या पेशी तपासल्या. बहुतेक एकट्या होत्या, थोड्या घोळक्याने जात होत्या. आणि त्या घोळक्यांची नवी गाठ रुजवण्याची क्षमता एकट्या पेशीपेक्षा २३ ते ५० पट जास्त निघाली. घोळका बांधून ठेवणारं प्रथिन होतं प्लाकोग्लोबिन. गालात जे प्रथिन आपलं रक्षण करतं तेच रक्तात गेल्यावर गाठीच्या कामी आलं होतं. २०१९ साली अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटाने त्याहून धक्कादायक निष्कर्ष मांडला: स्तनाच्या गाठीच्या काही नमुन्यांत ई-कॅडहेरिन काढून टाकलं तेव्हा पेशी जास्त घुसल्या हे खरं, पण वाटेत मेल्या आणि दूरवर जाऊन रुजण्याचं प्रमाण घटलं.

तोंडाच्या गाठीत काय होतं? २०१७ साली बोस्टनमध्ये सिद्धार्थ पुरम आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १८ रुग्णांकडून सुमारे ६ हजार पेशी घेऊन एकेक पेशी स्वतंत्र वाचली. पूर्ण सुट्या, पूर्ण बदललेल्या पेशी त्यांना गाठीत सापडल्या नाहीत. सापडल्या त्या अर्धवट बदललेल्या: अस्तरपेशीच्या खुणा राखून, हालचालीची सामग्री अंगावर घेतलेल्या, आणि त्या गाठीच्या घुसणाऱ्या कडेला जमलेल्या. ज्या गाठीत अशा पेशी जास्त, तिथे मानेत उतरण्याची शक्यता जास्त. थोडी पकड ठेवून थोडी सोडणं, हीच गाठीची सर्वांत धोकादायक अवस्था असावी, असं आज दिसतं.

हे कळल्यावर उपचारांकडे पाहण्याची नजर बदलते. पकडीचं एखादं प्रथिन औषधाने अडवलं की काम झालं, या आशेने इंटिग्रिनविरोधी सिलेन्जिटाइड हे औषध मेंदूच्या गाठीवर मोठ्या चाचणीत वापरलं गेलं. २०१४ साली निकाल आला आणि रुग्णांचं आयुष्य वाढलं नसल्याचं स्पष्ट झालं. दुसरीकडे, मूत्राशयाच्या कर्करोगात नेक्टिन-४ या चिकट प्रथिनाला अडवण्याऐवजी पत्ता म्हणून वापरलं गेलं: त्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला विष जोडून ते नेमकं गाठीच्या पेशीत पोचवायचं. हे औषध २०१९ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. रक्तातले घोळके फोडण्यासाठी डिगॉक्सिन, म्हणजे हृदयविकाराची जुनी गोळी, स्तनाच्या कर्करोगाच्या केवळ ९ रुग्णांना देऊन पाहिली गेली आणि २०२५ साली तिने घोळक्यांचा आकार लहान झाल्याचं छापून आलं. त्याने आयुष्य वाढतं का, हे त्या चाचणीचं काम नव्हतं. ही गोळी चुकीच्या प्रमाणात जिवावर बेतते, तेव्हा घरातल्या कुणाच्या डब्यातून ती कुणी घेऊ नये.

आपल्याकडच्या दोन चाचण्या मात्र आजच उपयोगाच्या आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली स्तनाच्या कर्करोगाच्या १,६०० स्त्रियांवर एक साधा प्रयोग झाला. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताचे डॉक्टर वापरतात ते बधिर करणारं औषध, टोचलं. पेशीच्या हालचालीला लागणारे सोडियमचे मार्ग ते बंद करतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. हे औषध स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असतं.

इथे एका समजुतीविषयी बोलणं भाग आहे. ‘तुकडा काढला की गाठ चेतते’ असं म्हणून कितीतरी माणसं तपासणी टाळतात. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण फार थोड्या, आणि ज्या गाठींत तो धोका मोठा आहे, उदाहरणार्थ हाडाच्या, तिथे शल्यचिकित्सक तुकडा काढण्याची वाट आधी आखून घेतात आणि पुढे ती वाटही कापून टाकतात. गालातल्या चट्ट्याचा तुकडा काढल्याने पेशींना नवी हिंमत येत नाही. त्यांच्या सूचना बदलायच्या त्या कित्येक महिने आधी बदललेल्या असतात. तुकड्यामुळे फक्त ते आपल्याला कळतं.

दुसरी चाचणी तोंडाची. लहान गाठ, मानेला हात लावून काही लागत नाही, सोनोग्राफीतही काही दिसत नाही. अशा रुग्णाची मान आधीच साफ करावी की ग्रंथी सुजण्याची वाट पाहावी, यावर डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद होता. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने तो २०१५ साली निकालात काढला. विश्लेषण केलेल्या ५०० रुग्णांपैकी ज्यांची मान सुरुवातीलाच साफ केली त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. न दिसणाऱ्या पेशी काही रुग्णांच्या मानेत आधीच जाऊन बसलेल्या होत्या, एवढाच या फरकाचा अर्थ.

घरातली माणसं विचारतात, मानेत काही नाही तर एवढा मोठा छेद कशाला? हा प्रश्न चुकीचा नाही, आणि त्याचं उत्तर शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात मिळतं. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरकडून टेंभुर्णी-कुर्डुवाडीमार्गे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातही जाता येतं, जिथे १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालते. कुठेही जा, अहवालात दोन ओळी शोधा. पहिली घुसण्याच्या खोलीची, मिलिमीटरमध्ये लिहिलेली: अस्तराखालचा पडदा ओलांडून पेशी किती आत गेल्या ते ती सांगते, आणि डिक्रूझ यांच्या चाचणीत ३ मिलिमीटरपेक्षा खोल गेलेल्या गाठींनाच मान साफ करण्याचा स्पष्ट फायदा झाला. दुसरी ओळ मानेतून काढलेल्या ग्रंथींची: किती काढल्या, किती बाधित निघाल्या, आणि बाधित ग्रंथीचं आवरण फोडून पेशी बाहेर पडल्या आहेत का. आवरण फुटलेलं असेल तर किरणोपचारासोबत केमोथेरपीही द्यायची की नाही, याचा विचार सहसा याच ओळीवरून होतो. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा या दोन ओळींवर बोट ठेवून विचारा.